देवानंदनं खिशात घातलं ते

देवानंदला मी चार दिवस समोर खाटेवर बसून पाहिलं. पाहुणा म्हणून नव्हे, राखण्या म्हणून. मला तिथं मालकांनी बसवलं होतं आणि मीही आनंदानं बसलो होतो, कारण संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. दूधवाला माप घालतो तेव्हा मी त्याच्या अंगठ्याकडं बघतो. कंडक्टरनं दिलेली नोट उजेडात धरतो. माझी बायको शिवकन्या म्हणते, "उद्या यम जरी आला, तरी तुमी त्याला आधी गाडीचे कागद मागताल."

माझं नाव पुंजाराम. जाफराबादला साहेबराव मालकांची कापसाची जिनिंग होती, तिथं मी ड्रायव्हर होतो. जिनिंगच्या आवारातच आम्हाला राहायला एक खोली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे आम्हा दोघांना झोपेतसुद्धा ठाऊक असायचं.

देवानंद भीमनगरात राहायचा. त्याच्या बापाची सगळी हयात आमच्याच जिनिंगमध्ये हमाली करण्यात गेली. पोरानं मात्र जालन्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून घेतलं, तिथल्या एका सळयांच्या कारखान्यात दोन-तीन वर्षं काढली आणि अठ्ठ्याऐंशी साली घरी येऊन अंगणात पत्र्याचं छप्पर टाकलं. छपराखाली कार्बाइडची टाकी, एक ऐरण, चार हातोड्या आणि भिंतीला टांगलेले जुने सायलेन्सर. दुसरं काम तो घ्यायचाच नाही. कुणी इंजिनाचं रडगाणं घेऊन आला तर म्हणायचा, "ते दुसऱ्याकडं न्या. मी निस्ता धुराचा मानूस."

पण धुरातलं त्याला असं काही कळायचं की बस्स. भोकरदनकडून येणारी काळी-पिवळी जीप अजून गावाबाहेर असायची आणि हा घरात भाकरी खाताखाता सांगायचा, "सर्जेरावची हाय. मागचा जोड सुटलाय." जीप आली की खरंच सर्जेरावची असायची आणि खरंच जोड सुटलेला असायचा. दहाच्या जागी अठरा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये धूर शिरला की बायाबापड्या ओकायला लागतात, म्हणून स्टँडवरच्या बावीस जीपांना देवानंद लागायचाच. सर्जेराव त्या जीपवाल्यांचा म्होरक्या. त्यानं स्टँडच्या कोपऱ्यातली एक जागा देवानंदसाठी बोलून ठेवली होती. अंगणातून उठून रस्त्यावर यायचं, वर पाटी लावायची, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि त्यासाठी त्याच्याजवळ नावाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. 'देवानंद गपचूप पार्ट बदलत न्हाई,' असं सगळं स्टँड म्हणायचं. त्या एका वाक्यावर त्याचा सगळा डोलारा उभा होता.

आता गाडीचं सांगतो. मालकांचा मुलगा धर्मराज पुण्याला इंजिनिअरिंग शिकून आला आणि अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला त्यानं लाल रंगाची गाडी आणली. दोनच सीट, वरून उघडी आणि इतकी ठेंगणी की आत बसताना पाटावर बसल्यासारखं वाटायचं. गाव बघायला लोटलं. हात लावून लावून लोकांनी तिचा रंग मळवला. एक म्हातारा टिचकी मारून म्हणाला, "हिला पत्राच न्हाई, पलास्टिक हाय." पण खरी फजिती पुढं होती. दिसायला वाघ आणि आवाज शिलाई मशीनचा. धर्मराजदादांना ते फार लागायचं.

संक्रांतीच्या सुमारास मालकांनी मला दादांसोबत अंकुशनगरला पाठवलं, पाहुण्यांकडं. गाडी दादा चालवणार, मी नुसता शेजारी. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात. दिवस मावळताना पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही, दादांचा पाय कुठं होता ते त्यांनाच माहीत. गाडीचं नाक ट्रॉलीखाली गेलं आणि लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं वाढं माझ्या डोक्यावरून फिरून गेलं. वीतभर इकडंतिकडं झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. घरी येऊन मी शिवकन्येला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, बाईला माझी काही पडलेलीच नाही.

त्यानंतर आठवड्याभरात गाडीला काय झालं कोण जाणे, ती चढावर दम टाकायला लागली. आवाज आणखी बसला. पहिल्या दिवशी तर ती जिनिंगच्या फाटकात सुरू ठेवली, तेव्हा मागं उभे असलेले चार हमाल खोकून खोकून बेजार झाले. मी म्हटलं, पंपवाल्यानं रॉकेल मिसळलं. जाऊन त्याच्याशी भांडूनही आलो. दादा मात्र खूश होते. "बरंच झालं," म्हणाले, "तसाही सायलेन्सर बदलायचाच होता. गाडी येतीय हे चौकात आधी कळलं पाहिजे." कागदावर त्यांनी चित्रही काढून ठेवलं होतं. हे काम इथं कोण करणार, तर स्टँडवरून एकच नाव आलं.

मालकांना ते पसंत नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पुंजाराम, धर्मराज म्हणतो, ह्या गाड्यांच्या सायलेन्सरमधी एक जाळी आसती. चांदीपरीस महाग. काम होईस्तोवर तू तिथून हालायचं न्हाई. जाळी जशी निघंल तशी परत गेली पायजे."

मी म्हटलं, "बिलकुल काळजी करू नका."

खरं सांगायचं तर माझ्या संशयाला नुसता स्वभावच कारण नव्हता. देवानंद आमच्या आळीतला, आमच्या भावकीतला असता तर मी त्या खाटेवर चांगली डुलकी काढली असती. भीमनगर म्हटल्यावर माझे डोळे आपोआप बारीक झाले. हे लिहिताना लाज वाटते. पण लपवलं तर जास्त वाटेल.

त्याची आई द्वारकाबाई पहिल्या दिवशी चहा घेऊन आली. मी म्हणालो, "आज उपास हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, मी पुन्हा उपाशी. तिसऱ्या दिवशी म्हातारी कप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, देव तरी कोन्ता हाय तुमचा? लई कडक दिसतो." देवानंद गाडीखाली होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. ते पाय हसले असं मला वाटलं. मला राग आला, आणि रागानं माणूस जास्त संशयी होतो.

काम मात्र बघण्यासारखं होतं. नवा पाईप वाकवायचा तर तो चपटा होऊ नये म्हणून देवानंद त्यात नदीची वाळू ठासून भरायचा. वाळूत ओल राहिली तर तापवताना पाईप फुटतो, म्हणून आधी ती वाळू आईच्या कढईत भाजून घ्यायचा. द्वारकाबाई ओरडायची, "आता माझ्या भाकरीत बी वाळूच निघंल." मग पाईपाची दोन्ही तोंडं बंद करायची, लाल होईस्तोवर तापवायचा आणि बाभळीच्या ओंडक्यावर हळूहळू वाकवायचा. घाई नाही, दणके नाहीत. जोड झाला की त्यावर साबणाचा फेस लावायचा, गाडी सुरू करायची आणि मागच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरायचं. गाडी गुदमरून बंद पडली तर जोड पक्का. कुठं बुडबुडा आला तर सगळा जोड कापून पुन्हा. एका जोडावर त्यानं अर्धा दिवस घालवला. मी मनात म्हटलं, हा वेळ का काढतोय? मी कंटाळून उठावं म्हणून तर नाही?

पण मुख्य गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी, दुपारी. मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो, मिटून म्हणजे अर्धे. त्यानं गाडीचा जुना सायलेन्सर काढून करवतीनं कापला. आत वाकून बघितलं. सायकलच्या तारेचा आकडा घालून काहीतरी ओढलं. मुठीत मावेल एवढं, काळं, वर तार गुंडाळलेली. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडं नव्हे, छातीकडं. बराच वेळ. मग ते फडक्यात गुंडाळून हळूच पँटच्या खिशात घातलं आणि कामाला लागला.

सापडली जाळी! तिथंच उठून हात धरायला हवा होता. पण भीमनगरात मी एकटा, आणि शूर मी कधीच नव्हतो. शिवाय वाटलं, परत बसवीलही. पुढचे दोन दिवस मी पापणी लवू दिली नाही. जाळीसारखं काहीही त्यानं आत घातलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी धर्मराजदादा आले, गाडी सुरू केली आणि त्यांचा चेहरा उजळला. आवाज खरंच सुरेख झाला होता. फटफट नाही, कर्कश नाही, खोल आणि भारदस्त. गाडीचा दमही परतला होता. दादांनी देवानंदच्या खांद्यावर थाप मारली. तो लाजला आणि म्हणाला, "जोड सुटला तर मला सांगा, मी हाय."

रात्री मी मालकांना सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक, दादा आणि मी स्टँडवर गेलो. देवानंद सर्जेरावच्या जीपखाली होता. मालकांनी त्याला बाहेर यायला लावलं. आजूबाजूला पंधरा-वीस ड्रायव्हर, चहावाला, पॅसेंजर. मालक म्हणाले, "सांग पुंजाराम, काय बघितलंस." मी सांगितलं. अगदी मोठ्यानं. "माझ्या डोळ्यानं बघितलं. सायलेन्सरमधून काढलं आन् खिशात घातलं."

देवानंदनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला तेव्हा चोराची वाटली.

"कचरा व्हता," तो म्हणाला.

"कचरा खिशात घालत्यात का?" मालक म्हणाले. "दाखव."

"फेकला."

"कुठं?"

त्यानं हातातला पाना पुसायला घेतला. सर्जेराव मध्ये पडला, "देवानंद, काय आसंल ते सांगून टाक ना बाबा." तो तरीही गप्प. मालकांनी पोलीस बोलावले नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ह्याच्या हातात गाड्या देऊन राह्यले तुमी. सांभाळा." आणि आम्ही निघून आलो.

महिन्याभरात बावीसपैकी दोन जीपा त्याच्याकडं जात होत्या. उन्हाळ्यात त्याही थांबल्या. कोपऱ्यातली जागा एका पंक्चरवाल्याला गेली. देवानंद शेतकऱ्यांच्या औतांना ठिगळं लावायला लागला, लोखंडी खाटांचे पाय जोडायला लागला. मी त्या रस्त्यानं जायचो तेव्हा छाती काढून जायचो. मालकांनी दसऱ्याला मला नवा खाकी ड्रेस शिवला, पितळी बटणांचा, पहिल्यासारखाच.

दिवाळीनंतर दादांचं त्या गाडीवरचं मन उडालं. औरंगाबादच्या एका गिऱ्हाइकाला ती विकली. परत येताना मालकांच्या जीपमध्ये दादा सहज म्हणाले, "पुंजाराम, ती जाळी जागेवरच होती बरं का. पुढं, इंजिनाजवळच्या नळीत. त्यांच्या मिस्त्रीनं दाखवली. मागं असते असं मला उगाच वाटलं होतं. तिथं तर देवानंदचा हातसुद्धा लागलेला नव्हता."

माझा पाय ब्रेकवर गेला. "मंग दादा, ते स्टँडवर..."

"जाऊ द्या हो. जुनं झालं."

पण मला जाऊ देता येईना. जाळी नव्हती, तर खिशात गेलं ते काय? घरी आल्यावर मी चप्पल काढताकाढता तेच बडबडत होतो. शिवकन्या तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"तार गुंडाळलेलं व्हतं का?" तिनं विचारलं.

"तुला कसं ठाऊक?" मी म्हणालो.

"तुमी अंकुशनगरहून आल्ते तवा तोंड पांढरं पडल्तं तुमचं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी तुमी निजेत आसताना मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. वासच आला न्हाई. म्हंजी केवढी दृष्ट! मंग मनात आलं, दृष्ट ह्यांना न्हाई, त्या गाडीला हाय. गाडी चुलीत कशी घालावी? तर तिचा धूर जिथून निघतो तीच तिची चूल. मानसाची दृष्ट काढायची तर कापड त्याच्याच अंगावरचं लागतं. गाडीला कापड कुठलं? म्हून तुमच्या जुन्या खाकी सदऱ्याचा खिसा उसवला, त्यात मीठ-मोहऱ्या आन् सात मिरच्या घातल्या, शिवला, तार गुंडाळली आन् लाटण्यानं आत सारला. म्हणलं, गाडी चालंल तवर दृष्ट जळत राहील."

"आन् गाडी दम टाकायला लागली तवा का न्हाई बोलली?"

"कसं बोलू? मालक म्हणले आसते, हिनं करणी केली. खोली गेली आसती. मला वाटलं, कवाच जळून गेलं आसंल. तुमी तर निस्तं जाळी-जाळी करून राह्यल्ते."

ती रडायला लागली. तिला काय बोलणार? तिनं माझ्या जिवासाठी केलं होतं. खाकी खिसा, त्यावर पितळी बटण. आता मला कळलं, त्या दुपारी देवानंद माझ्या छातीकडं का बघत होता. तसंच बटण माझ्या सदऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी भीमनगरात गेलो. देवानंद एका खाटेचा पाय जोडत होता. मी उभा राहिलो, त्यानं बस म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं, शिवकन्येचं, मिरच्यांचं, अगदी लाटण्यासकट. म्हणालो, "देवानंद, मला ठाऊक नव्हतं. चुकलो."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "तुमाला ठाऊक नव्हतं?"

"देवाशपथ."

"पुंजारामभाऊ, तुमी चार दिवस माझ्या दारात बसून राह्यल्ते. चहा न्हाई, पानी न्हाई, डोळा न्हाई मिटला. मी म्हणलं, हा मानूस एवढा कशापायी भ्यालाय? दुसऱ्या दिशी ते पुडकं निघालं. बटन बघितलं. म्हणलं, ह्यांनीच घातलं आन् आता सापडंल म्हून भिऊन बसलेत. तिथंच पडू दिलं आसतं तर कुनीतरी बटन वळखलं आसतं आन् मालकाला कळालं आसतं. मानसाची नोकरी जाईल म्हून खिशात घातलं. सांजच्याला नदीत टाकून दिलं."

मी खाली बघत सदऱ्याचं बटण चाचपलं.

"आन् स्टँडवर तुमी मला चोर म्हणले. मला वाटलं, सवताला वाचवायला जाणूनबुजून म्हणून राह्यलेत. तरी मी बोललो न्हाई. बोललो आसतो तर कोन मानलं आसतं? तुमचं बटन मीच चोरून आत घातलं, आसं बी म्हणले आसते."

"मी माफी मागायलाच आल्तो."

"हितं?" त्यानं अंगणाकडं हात केला. "चोर म्हणले ते चारचौघांत. माफी मागून राह्यलेत एकट्यात. ज्या जागी म्हणले, त्या जागी जाऊन सांगा. मंग मी मानतो की तुमाला ठाऊक नव्हतं."

मी "सांगतो" म्हणालो. खोटं बोललो. तिथं उभं राहून देवानंद चोर नाही असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येणार: मग खिशात काय होतं? आणि त्याचं उत्तर मालकांपर्यंत जायला चहा थंड व्हायचासुद्धा वेळ लागला नसता. मी रोज ठरवायचो, उद्या. स्टँडवरून जाताना गाडीचा वेग वाढवायचो. पुढच्या उन्हाळ्यात देवानंद आईला घेऊन पुण्याकडं गेला, कुठल्याशा कारखान्यात. छपराचे पत्रे विकले. कुणाला पत्ता देऊन गेला नाही, किंवा दिला असेल तर मला कुणी सांगितला नाही. मी वाईट माणूस नाही असं मी स्वतःला सांगत असतो. पण त्या माणसानं माझी नोकरी वाचवली आणि मी ती नऊ वर्षं त्याच्या नावावर खाल्ली, याला दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

दोन हजार आठ साली मालकांनी जिनिंग विकली. आम्ही खोली रिकामी केली, सामान शिवकन्येच्या भावाकडं हलवलं. आता माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आंघोळ करून स्टँडवर गेलो. सर्जेराव वारून दोन वर्षं झाली होती. जुन्या जीपा गेल्या होत्या, नव्या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि सात-आठ ड्रायव्हर बॉनेटला टेकून गप्पा हाणत होते. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. तरी मी मधोमध उभा राहिलो.

"ऐका हो जरा," मी म्हणालो, जमेल तेवढ्या मोठ्यानं. "भीमनगरातल्या देवानंदनं चोरी केली न्हाई. ह्याच जागी मी त्याला चोर म्हणलो व्हतो. मी चुकलो व्हतो."

ते एकमेकांकडं बघायला लागले.

"कोन देवानंद?" एकानं विचारलं.

"सायलेन्सरवाला. अंगणात काम करायचा. बावीस जीपा त्याच्याकडं जायच्या."

कुणालाच आठवेना. एक म्हणाला, तो आमच्या आधीचा असंल. दुसऱ्यानं मान हलवली. तिसरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं तो खिशात ठेवला, पुढं आला आणि मोठ्या उत्सुकतेनं मला म्हणाला, "काका, काय चोरल्तं त्यानं?"